अंगारिकेची तहान

एका राज्यात एक जादूगार होता. त्याने राजाच्या मुलांसाठी एक पट विणला. पटावर एक भुताटकीचा कोट होता. कोटाला तीन मजले, खिडक्यांना गणती नाही, आणि आत काळोख.

पटाचा नियम असा. खेळणाऱ्याने लाकडाची सोंगटी उचलायची, तिला नाव द्यायचे, ती कोण ते सांगायचे. पटाशेजारी दांडीवर साळुंकी बसे. ती बोलकी होती. ती म्हणे, "समोर दार आहे. दाराला साप वेटोळे घालून बसला आहे. काय करता?" मुले काय करायचे ते सांगत, फासे टाकत, आणि साळुंकी फासे बघून पुढचे सांगे. मुलांना वाटे, खेळ आहे. पण पटावर बोललेला शब्द कोटात खरा होई. साप खरा, दार खरे, जखमही खरी. जादूगाराने हे मुलांना सांगितले नाही, आणि मुलांनी विचारले नाही. पुढे जादूगार तीर्थाला गेला, तो गेलाच.

राजकन्येचे नाव यामिनी. तिने तांबडी सोंगटी उचलली आणि एका दमात म्हणाली, "ही अंगारिका. हिच्यासारखी तलवार कोणाची नाही. हिची धाकटी बहीण कोटाच्या वरच्या खोलीत कैद आहे. बहीण सुटेपर्यंत ही पाण्याचा थेंब घेणार नाही!"

अशी अंगारिका जन्माला आली. डोळे उघडले तेव्हा हातात तलवार होती, पोटात बहिणीची माया होती, आणि घशाला कोरड पडली होती.

तिच्याबरोबर आणखी दोघे जन्मले. राजपुत्र पृथुसेनाने केला उंदऱ्या चोर, प्रधानाच्या मुलाने, सुषेणाने, केला मांत्रिक भैरंभट. तिघांनी मिळून पहिल्या मजल्यावरची हडळ हुसकली, दुसऱ्या मजल्यावरच्या वेताळाला कोड्यात हरवले. तिसऱ्या मजल्यावर आले. भैरंभट काळ्या दारापुढे उभा राहिला, हात वर करून मंत्र म्हणू लागला, "उघड रे काळ्या..." उंदऱ्याने भिंतीतल्या पेटीत हात घातला. अंगारिकेने शेवटच्या पायरीवर चढायला पाऊल उचलले.

तेवढ्यात पागेत नवा घोडा आला. मुले घोडा बघायला पळाली. दासीने पट गुंडाळला, पेटीत टाकला.

कोटावरचे आभाळ मिटले. जिथे पटाला घडी पडली तिथे भिंती उभ्या राहिल्या. भैरंभटाच्या तोंडात अर्धा मंत्र राहिला, त्याला दुसरे काही बोलता येईना. उंदऱ्याचा हात पेटीत राहिला, निघेना. अंगारिकेचे पाऊल अधांतरी राहिले. कोणी 'टेकव' म्हटले नव्हते.

"येतील," अंगारिका म्हणाली. "जेवायला गेली असतील."

"येतील तर," उंदऱ्या म्हणाला.

वर्षे गेली. हडळ एकदा जिन्यावर डोकावली, अंगारिकेचा फुटलेला ओठ पाहिला आणि घाबरवायचे विसरून परत गेली.

"अंगारताई," उंदऱ्या म्हणायचा, "तुझी मालकीण आता मोठी झाली असेल. केसात गजरे माळत असेल. तिला तू आठवतेस असं वाटतं तुला?"

"गप्प बस."

"माझा मालक तर राजा झाला असेल. त्याचे दोन्ही हात मोकळे. माझा बघ!"

"उघड रे काळ्या..." भैरंभट हळहळून म्हणायचा.

अंगारिकेने बहिणीचा विचार करून दिवस काढले. बहीण वर आहे, दाराच्या पलीकडे. ती वाट बघते आहे. ती कशी असेल? अंगारिका काळोखात तिला मनाशी घडवत बसे, आणि घसा सुकत जाई. व्रत तिने मागितले नव्हते. कोणीतरी बढाईच्या भरात तिच्या गळ्यात घातले होते. तरी तिने ते मोडले नाही. कोटात पाणी होते, हाताशीच जिन्याच्या कोनाड्यात गार माठ होता. तिने तिकडे मान वळवली नाही.

व्रत पाळणाऱ्याच्या अंगी तेज साठते. अंगारिकेच्या अंगी तेज साठले आणि त्याचा राग झाला. एक दिवस तो राग टाचेत उतरला. कोणीही न सांगता तिने उचललेले पाऊल दाणकन पायरीवर आपटले आणि ओरडली, "मला अर्ध्यात टाकलंत ना? जा! तुमच्याही राज्यात काही पुरं होणार नाही!"

निर्जळी राहिलेलीचा शब्द तो. लागला.

त्या सकाळी राज्यात भाकरी एकाच बाजूने भाजली. कोष्ट्याचे मागावरचे लुगडे पदरापर्यंत येऊन थांबले. न्यायाधीश म्हणाला, "आरोपी, तू..." आणि पुढचा शब्द त्याला सापडेना. आणि राजवाड्याच्या मांडवात राजकन्या यामिनी बोहल्यावर उभी होती, हातात हार होता, समोर अंतरपाट होता. शेवटचे मंगलाष्टक कोणाला येईना. अंतरपाट खाली होईना.

पृथुसेन आता राजा झाला होता. तो चिडून म्हाताऱ्या साळुंकीकडे गेला. "हे काय चाललंय?"

"पेटीतला पट उघडा महाराज. एक सोंगटी रागावली आहे."

"लाकूड रागावतं?"

"लाकडाला व्रत तुम्ही लावलंत," साळुंकी म्हणाली. "आता राग आला तर नवल काय करता?"

साळुंकीसह पट मांडवात आणून उघडला, राजा, सुषेण आणि यामिनी त्यावर वाकली. कोटावर आभाळ फाकले. अंगारिकेने वर पाहिले तर तीन चेहरे, डोंगराएवढे. एक दाढीवाला, एक मुकुटवाला, आणि एक मुंडावळ्या बांधलेला. तो चेहरा तिने ओळखला.

"लवकर संपवू," राजा म्हणाला. "साळुंके, सांग की तिघे जिंकले, बहीण सुटली, डाव संपला."

"नियम नाही," साळुंकी म्हणाली. "जिथे सोडलंत तिथून चला. पेटीत हात आहे. काय करता?"

राजा चुळबुळला. "पेटीत सोनं आहे. ढीगभर सोनं!" फासे टाकले. दान पडले.

"सोनं नको महाराज," उंदऱ्या खालून ओरडला. "हात द्या!"

मांडवात कोणी हसले नाही. राजा लाजला. "उंदऱ्याचा हात मोकळा," तो म्हणाला, आणि हात सुटला. उंदऱ्याने हात चोळला, बोटे हलवून पाहिली आणि तिथेच खाली बसून रडला.

दुसरे काम सुषेणाचे. सुषेणाला मंत्र आठवेना. त्याने घाम पुसला. शेवटी म्हणाला, "उघड रे काळ्या दारा, फार वेळ लावला, माफी असावी." मंत्र बेतलेला होता, पण माफी खरी होती. दान पडले. काळे दार करकरत उघडले.

"हुश्श," भैरंभट म्हणाला. त्याला आपला आवाज पुन्हा ऐकून इतका आनंद झाला की तो बराच वेळ नुसता हुश्श म्हणत राहिला.

उरले तिसरे. यामिनी म्हणाली, "अंगारिका आत जाते आणि बहिणीला सोडवते."

अंगारिका आत गेली. खोलीत खिडकी होती. एक खाट होती. खाटेवर कोणी नव्हते. कोपऱ्यात नाही, दाराआड नाही. धुळीत पावलाचा ठसासुद्धा नव्हता. या खोलीत कधी कोणी राहिलेच नव्हते.

अंगारिका खिडकीशी आली आणि तिने वर मान केली. "माझी बहीण कुठे आहे?"

यामिनीने मान खाली घातली.

"बरं. तिचं नाव सांग."

यामिनीने राजाकडे पाहिले.

राजा तिच्या कानाशी कुजबुजला, "अगं, सांग काहीतरी! चंपा म्हण."

कोटात कुजबुज गर्जनेसारखी ऐकू येते. "काहीतरी?" अंगारिका म्हणाली, आणि कोटाच्या खिडक्यांची तावदाने एकदम फुटली. "काहीतरी! या काहीतरीसाठी माझी जीभ टाळूला चिकटली! या काहीतरीसाठी मी भरल्या माठाकडे पाठ करून उभी राहिले! अगं, नाव तरी ठेवायचंस तिचं!"

"मी लहान होते," यामिनी म्हणाली. "मला बढाई मारायची होती. मी तिला नाव दिलंच नाही."

"तू लहान होतीस म्हणून माझी तहान लहान नव्हती."

अंगारिका खिडकीकडे पाठ करून बसली. राजा म्हणाला, "साळुंके, मी फासे टाकतो. तू चांगलं दान पडलं म्हण."

"नाही दादा," यामिनी म्हणाली. "डाव तिचा आहे." मग ती पटावर वाकली. "अंगारिके, तू पाणी पिशील तेव्हा मी पिईन. तोवर माझ्याही ओठाला थेंब नको."

"घे व्रत," अंगारिका न वळता म्हणाली. "बघू किती टिकतेस. घोडा आला की उठशील."

एक दिवस गेला. यामिनी शालू नेसूनच पटाशी बसली होती. दासींनी सरबत आणले, तिने परत पाठवले.

"अंगारताई," उंदऱ्या म्हणाला, "ती अजून बसलीय हं."

"बसू दे."

दुसरा दिवस गेला. उन्हे वाढली. यामिनीच्या मुंडावळ्या सुकल्या.

"ताई, तिचे ओठ फुटले."

"फुटू देत."

पण तिसऱ्या दिवशी अंगारिकेने हळूच मान वळवली. वरचा तो डोंगराएवढा चेहरा पांढरा पडला होता. यामिनी काही मागत नव्हती, रडत नव्हती, माफीचा शब्दही काढत नव्हती. नुसती बघत होती.

"घसा कसा आहे?" अंगारिकेने दरडावून विचारले.

"काटे आहेत."

"कुठे?"

"जिभेच्या मुळाशी."

अंगारिका खिडकीकडे वळून बसली. मग म्हणाली, "हो. तिथेच असतात."

इतक्या वर्षांत ही गोष्ट दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. राग गेला नाही. पण आता तहान एकटीची राहिली नाही.

"ऐक," अंगारिका म्हणाली. "तिचं नाव तुला देता येणार नाही. ते माझ्याकडे आहे. काळोखात मीच ठेवलंय. पण माझं बोलणं तुमच्या राज्यात लागतं, इथे कोटात खरं होत नाही, तुझं होतं. मी सांगते, तू माझ्यामागून म्हण. आपल्या मनाचं एक अक्षर घालू नकोस."

"नाही घालणार."

भटजींमागून संकल्प म्हणावा तशी यामिनी तिच्यामागून म्हणू लागली.

"तिचं नाव शेवंती."

"तिचं नाव शेवंती."

"ती डावखुरी. झोपेत दात खाते. तिला अंधाराची भीती नाही, पालीची आहे."

यामिनीने तसेच म्हटले. घसा इतका कोरडा की शब्द खरवडून काढावे लागत.

"तिला कोणी विसरलेलं नाही. एक दिवससुद्धा नाही."

हे म्हणताना यामिनीचा आवाज फुटला. पण तिने म्हटले, शेवटच्या अक्षरापर्यंत.

"फासे," साळुंकी म्हणाली. "नियम आहे."

यामिनीने फासे टाकले. ते गडगडत पटाच्या काठाशी जाऊन थांबले. साळुंकीने मान दुसरीकडे फिरवली, फाशांकडे पाहिलेही नाही, आणि म्हणाली, "दान पडलं."

खाटेवर एक मुलगी उठून बसली. केस विसकटलेले, डोळे चोळते डाव्या हाताने. तिने अंगारिकेला पाहिले आणि तिचे तोंड एवढेसे झाले, मग लाल झाले.

"ताई! किती गं उशीर! मी कधीची बसलेय! कुठे होतीस?"

अंगारिकेच्या हातून तलवार गळून पडली. तिला इतके रागावून कोणी आपले म्हटले नव्हते. "जिन्यात होते," ती म्हणाली. "एका पायरीवर."

"एका पायरीला इतका वेळ?"

"अगं, हिला आधी पाणी दे," दारातून उंदऱ्या म्हणाला. "भांडा मग हवं तेवढं."

भैरंभटाने माठ आणला. शेवंतीने डाव्या हाताने पेला बुचकळला, सांडत सांडत बहिणीच्या ओठाला लावला. पहिला घोट आत जाईना, बाहेर आला. दुसरा गेला. तिसऱ्या घोटाला अंगारिकेने डोळे मिटले. वर मांडवात यामिनीनेही ओंजळीने पाणी घेतले आणि त्याच घोटाला तिच्याही घशातले काटे विरघळले.

शेवंती बहिणीला बिलगून बसली. अंगारिकेने तिच्या केसांतून बोटे फिरवली आणि वर पाहून म्हणाली, "माझा शब्द मी परत घेते. तुमचं पुरं होवो."

त्याबरोबर राज्यात भाकऱ्या टम्म फुगल्या. कोष्ट्याने पदर विणून लुगडे हातमागावरून उतरवले. न्यायाधीशाला शब्द सापडला. तो 'निर्दोष' होता. मांडवात भटजींना मंगलाष्टक आठवले, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला.

यामिनी बोहल्याकडे निघाली, पण दोन पावलांवरून परत फिरली. पटावर वाकून तिने विचारले, "अंगारिके, माझ्यावरचा राग गेला का गं?"

अंगारिका कोटाच्या खिडकीत बसली होती. पायाशी रिकामा पेला, मांडीवर शेवंतीचे डोके. तिने विचार केला, आणि खोटे बोलली नाही.

"नाही गेला," ती म्हणाली. "पण पाणी गोड आहे. तू जा, तुझा नवरा ताटकळलाय."

यामिनी हसली, रडली आणि गेली. पट उघडाच राहिला.

अंगारिकेची तहान भागली, शेवंतीला बहीण मिळाली. तसे ज्याचे ज्याचे कोणी अर्ध्यात टाकून गेले असेल, त्याच्याकडे ते परत येवो, आणि ज्याला विसरले असेल, त्याचे नाव कोणाच्या तरी ओठी येवो. गोष्ट इथे पुरी झाली. ऐकणाऱ्यांनी पाणी प्यावे.