मिखाएल तेल्याच्या नावातला प्रश्न

शनिवारी घाण्याला बैल जुंपायचा नाही, हा यहुदी मिखाएल तेल्याचा धर्म. नेमकं त्याच दिवशी सरदारांना दिव्यांसाठी तेल हवं झालं. त्यानं नकार दिला, तसं त्याला गढीवर धरून आणलं.

“नाव कसलं हे?” सरदार गुरकावले.

“आम्हा यहुद्यांच्या इब्री भाषेतलं, सरकार. ‘देवासारखा कोण?’ असा अर्थ आहे.”

“मग सांग, कोण?”

मिखाएलला पेच पडला. भाट तर रोज सरदारांनाच देव म्हणत. ‘तुम्ही’ म्हणावं तर धर्म बुडतो, ‘कुणीच नाही’ म्हणावं तर मुंडकं उडतं. शिपायानं तलवारीवर हात ठेवला.

मिखाएलनं हात जोडले. “सरकार, जो देवासारखा असेल, त्याला हे तेल्याला विचारावं लागणार नाही.”

सरदारांनी शिपायाला त्याला सोडायची खूण केली. दिवे रविवारी लागले.