सुभानाच्या माळावरचं गवत

एका माळावर सुभाना राहायचा. माळ एवढा मोठा आणि सुभाना एवढासा, की वारासुद्धा त्याला न बघता पुढं जायचा. बायको देवाघरी गेलेली, पोरंबाळं नाहीत. भाकरी भाजायची आणि एका दगडासमोर बसून खायची. दगड काही आणखी वाढ म्हणायचा नाही, बरं का. इथं गोष्ट ऐकत पडलेल्या आपल्या चिंगीसारखा नव्हता तो.

एकदा गवताचा ठोंब बोलला, "सुभाना, मला फोडून माळभर लाव. सोबत येईल."

मग त्यानं लावलं. पाऊस झाला, गवत कमरेला लागलं. मग कोंडाई गवळण आली, गाई आणि माणसं घेऊन.

"मामा, चारू का?"

"चारा की. सगळं चारा."

कोंडाईनं माळावरच राहायला कापडाचं पाल ठोकलं. मग रोज शेकोटी, रोज गप्पा. गाईंनी गवत पार मुळापर्यंत खाल्लं. मग कोंडाईनं पाल उचललं. "येते मामा. गाईंना काय माती चारू?"

माळ उघडा पडला, गवत मुकं झालं. आता सुभानाला दगडसुद्धा परका वाटायला लागला.

दुसऱ्या वर्षी मुळांतून पुन्हा कोंब आले. सुभाना शहाणा झाला, म्हणजे आणखी वेडा झाला. काठी घेऊन बसला, कुणाला पाय ठेवू देईना. गवत जून झालं, नुसत्या काड्या. कोंडाई फिरून आली, तिनं एक काडी मोडून बघितली. "मामा, हे गाईंना चारू की यानं अंगण झाडू?" आणि गेली. गाईंच्या घंटा ऐकू येईनाशा होईपर्यंत सुभाना ऐकत बसला.

मग गवतच कुजबुजलं, "अरे, मला खाऊ द्यावं, पण मुळाशी जाऊ देऊ नये. मग जरा दम खाऊ द्यावा."

सुभानानं वाळल्या काड्या कापल्या, दगड मांडून माळाचे तीन वाटे केले. पाऊस झाला, कोवळं गवत वर आलं आणि कोंडाई आली. एका वाट्यात गवत वीतभर उरलं की सुभाना म्हणायचा, "चला, पुढच्यात."

"अजून आहे की, मामा."

"असू दे."

तिसरा वाटा संपला. एका सकाळी कोंडाई पालाच्या दोऱ्या सोडायला लागली. पहिल्या वाट्याकडं बघायचंही सुभानाला सुचेना. तिथं तर गवत गुडघ्याला लागलं होतं. कोंडाईनं पाल खांद्यावर टाकलं, तिथं नेलं आणि खुंट्या ठोकायला लागली.

"बघत काय बसलाय, मामा? दोरी धरा."

मग ते सगळे तिथंच राहिले, जेवले, सुखानं झोपले. तुम्हीही झोपा. जो डोळे किलकिले करील, त्याला सकाळी गाईंबरोबर चरायला पाठवीन.