कचराबाईची ऊब

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही. माळावरच्या करंजवडीत तेव्हा कचराबाई नावाची एक सून नांदायला आली. आता पोटच्या लेकीचं नाव कुणी कचरा ठेवतं का? पूर्वी ठेवायचे. घरात मुलं जगत नसली की नवं मूल सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचे. मग सुईणीने ते केरातून उचलून आणायचं आणि नाव ठेवायचं कचरा, नाहीतर धोंडू. केराला यम कशाला हात लावील, असा त्यातला हिशेब. कचराबाई अशीच जगलेली होती.

करंजवडीची जमीन म्हणजे नुसता मुरूम. परसात मिरचीचं रोप लावलं तर ते लाजेकाजेस्तव चार पानं काढायचं आणि मान टाकायचं. घरोघरचा केर ओढ्यात जायचा. कचराबाईने मात्र परसाच्या कोपऱ्यात ढीग घातला. भाजीची देठं, कडुनिंबाचा पाला, गाईपुढचा उरलासुरला चारा, वर शेणाचा काला, पुन्हा पाला. ताकाच्या मडक्याचं धुवणसुद्धा ती त्यावरच ओतायची. मधूनच मूठभर घेऊन दाबून बघायची. लाडू वळला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. मग खोऱ्याने खालचं वर नि वरचं खाली करायची.

गावाने तिची भरपूर थट्टा केली. बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात, पण कचराबाईला एवढं थांबायला वेळ नव्हता. त्या ढिगाचं काळं, भुसभुशीत खत तिने वेलांना घातलं, आणि तिच्या भोपळ्याचा वेल घरावर चढून शेजारच्या घरावर उतरला, असं म्हणतात. एका भोपळ्याची भाजी अख्ख्या आळीला पुरली, असंही म्हणतात. भोपळा आम्ही पाहिलेला नाही.

त्याच घरात तिची धाकटी जाऊ होती, बयजा. बयजाची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिला तो ढीग डोळ्यांसमोर नको व्हायचा. वास येतो म्हणायची. वास काही येत नव्हता, पण दुःखी माणसाला सगळ्याचाच वास येतो. कचराबाईने तिला कधी उलट उत्तर दिलं नाही.

मग एका पौषात माळावर अशी थंडी पडली की गवतावर दव गोठलं. आणि त्याच थंडीत, दिवस भरायच्या आधीच, बयजाला मुलगी झाली. वीतभर जीव. रडेना, दूध ओढेना, हातपाय गार. सासूने सूप मागवलं. दोन गेली, तिसरं राखायचं तर उकिरडा दाखवलाच पाहिजे, असं तिने ठरवून टाकलं. घराला उकिरडा एकच होता, कचराबाईचा.

बयजाने सुपाची कड धरून ठेवली. ती सासूला एवढंच म्हणाली, "मामी, माझ्या लेकीला केरात टाकू नगा."

पण बाळंतिणीचं कोण ऐकतं? उजाडताच सूप ढिगावर गेलं. सुईण म्हातारी, तिचं मंत्र पुटपुटणं लांबलं आणि सूप ढिगावरच राहिलं. आणि तेवढ्यात पोर हलली, लालसर झाली, रडली. यम फसला, असं म्हणून सासूने हात जोडले. पोर घरात आणली, आणि थोड्याच वेळात ती पुन्हा गार पडायला लागली.

कचराबाई तशीच परसात गेली. तिने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि सोसवेना म्हणून काढून घेतला. रोज खत खालीवर करणारी ती, पण ढिगाच्या पोटातली ती धग या कामाची आहे हे तिलाही तेव्हाच कळलं.

"बयजे, चल," ती म्हणाली. "यम न्हाई फसला. ही ऊब हाय."

तिने ढिगाला लागून कडब्याची खोप केली. आत वाकळ घातली, बयजाला ढिगाला पाठ लावून बसवलं आणि पोर उघड्या छातीशी दिली. पोरीने दूध ओढलं. बयजा तेव्हा पहिल्यांदा रडली.

पण ढिगाचंही पोट असतं. नवं खायला मिळालं नाही की तो निवतो. घरातला केर संपला, पाला संपला, थंडी हटेना. तेव्हा कचराबाई पदर पसरून दारोदार गेली आणि तिने केर मागितला. मागितला काय, तर केर! ज्यांनी दात काढले होते त्यांची तोंडं उतरली. त्या दिवसापासून ओढ्यात एक देठ गेलं नाही. बाया पाट्या भरभरून पाला आणू लागल्या, पाटलीणबाईंनी देवघरातलं निर्माल्य स्वतः डोक्यावरून आणलं. कचराबाई खोरं चालवत राहिली. ढिगाची वाफ शेजारच्या गावातून दिसायची, आणि त्या आळीत दव गोठलंच नाही, असं म्हणतात.

थंडी सरली तेव्हा बयजाच्या पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या.

कचराबाईला जाऊन पिढ्या झाल्या. तिची समाधी नाही, देऊळ नाही. पण करंजवडीत आजही परसापरसात ढीग आहे, आणि पौषात ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरच्या ढिगावर आधी सगळ्या आळीचा केर जातो, मग आपापल्या ढिगावर. परगावाहून आलेल्या सुनांना आणखी एका गोष्टीचं नवल वाटतं. गावात मूल झाल्याची खबर आली की म्हाताऱ्याकोताऱ्या उंबऱ्यातूनच विचारतात, "ऊब हाय न्हवं?"

आतून "हाय" असं आलं, की मग मुलगा का मुलगी, ते विचारतात.