कंठाबाईच्या वाट्या

डोंगराला अजून पक्का रस्ता ठाऊक नव्हता, तेव्हाची गोष्ट. हिरू नावाच्या पोरीच्या गळ्यात कंठाबाई ग्रंथी राहायची. अंगभर ऊब पुरवायची, हे तिचं काम. ती ऊब धाडायची आयोडीनच्या इवल्याशा वाट्यांतून. वाट्या मिठातून यायच्या, आणि आतड्यातून उचलून रक्तमामा त्या तिच्या दारात आणून द्यायचा.

एका साली घाट खचला, वस्तीतलं मीठ संपलं. वाटीसाठी पदर पसरून पसरून कंठाबाई फुगली. हिरूचा गळा सुजला. पोर दिवसभर गारठून पडू लागली.

"बाई एकटीच खाऊन माजली," यकृतदादा फणकारला. "आम्हाला मात्र ऊब नाही!"

कंठाबाईच्या जिवाला ते लागलं. "खाऊन नाही रे, उपासानं फुगले! दिलेली ऊब गोड लागली ना? मग शेजारणीची वाटी कुणी आपल्या फळीवर ठेवतं का?"

यकृतदादानं फळीकडे पाहिलं आणि जीभच चावली. रिकाम्या वाट्यांची रास!

"मामा, थांब! या आधी कंठाबाईकडे पोचव!"

मग हातापायांनीही फळ्या झाडल्या. रक्तमामा धावला. थोड्या वाट्या मूत्रपिंडांच्या मोरीतून वाहून गेल्याच. पण उरल्या त्यांत कंठाबाईनं पुन्हा पुन्हा ऊब भरली आणि घाट मोकळा होईस्तोवर पोरीला तगवलं.

मीठ आलं. गळ्याची सूज ओसरली. एका सकाळी हिरूनं गोधडी भिरकावली आणि अंगणात येऊन अशी आरोळी ठोकली, की समोरच्या डोंगरानंसुद्धा ती ठेवून घेतली नाही, जशीच्या तशी परत धाडली.