गेनूबाबांची धिंड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कवठधार गावात एकच मोठा रस्ता होता, वेशीपासून चावडीपर्यंत, आणि वेशीबाहेरच्या लोकांनी त्यावर पाऊल ठेवायचं नाही असा गावाचा कायदा होता. कायदा कसला, दांडगाईच ती.

वेशीबाहेर गेनूबाबा राहायचे आणि विहिरी खणायचे. असं म्हणतात, जमिनीला कान लावला की त्यांना खालच्या पाण्याची खळखळ ऐकू यायची. अर्ध्या गावाची तहान त्यांच्या हातांनी भागवली होती. पण त्यांनी ख्रिस्ताचा बाप्तिस्मा घेतला आणि गावाचं पित्त खवळलं. पंचांनी बोलावून सांगितलं, "नवा देव सोड, नाहीतर उद्या गाढवावरून धिंड काढू."

धिंड म्हणजे थट्टा नव्हे. तोंडाला काजळी फासायची, गाढवावर बसवायचं आणि हलगी वाजवत गावभर फिरवायचं. गेनूबाबांच्या चुलत्याची अशीच धिंड निघाली होती. त्याने पुढे कुणाला तोंड दाखवलं नाही, एके दिवशी नदीच जवळ केली. म्हणून गेनूबाबा घाबरले, आणि का नाही घाबरणार? घरी येऊन बायकोला म्हणाले, "तानू, माझ्यानं हे सोसायचं न्हाई. देव सोडला म्हनून सांगून येतो."

तानूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आवं, उद्या झावळ्यांचा रविवार. मिशनच्या मास्तरांनी वाचून दावलेलं इसरला व्हय? जखऱ्या संदेष्टा किती पिढ्या आधी सांगून गेला, राजा येईल तो गाढवीच्या शिंगरावर बसून येईल. आन् ख्रिस्त तसाच आला, लोकांनी वाटेवर कपडे अंथरले, झावळ्या हलवून होसान्ना म्हनत जयजयकार केला. घोडा मिळत नव्हता म्हनून न्हाई आला तसा. ह्या पंचांना त्यो संदेष्टा ठावा न्हाई. तुमाला तर हाय."

दुसऱ्या दिवशी पंचांनी मुद्दाम कुंभाराच्या गाढवीचं शिंगरू आणलं. त्याच्या पाठीवर अजून कुणी बसलं नव्हतं. ते बाबांना आपटेल आणि गाव हसेल, असा बेत. पाटील म्हणाले, "शेवटचं विचारतो." काजळीने माखलेले गेनूबाबा म्हणाले, "पाटील, शिंगरू तुमीच निवडलं. माझा देव असल्याच शिंगरावर बसला हुता. बसवा मला."

आणि ते बिथरणारं शिंगरू म्हणे मेंढरासारखं गरीब झालं. ते वेशीतून आत शिरलं तशी तानूबाईंनी पुढे धावून आपलं नवं लुगडं त्याच्या पायांखाली अंथरलं. मागून वेशीबाहेरची सगळी वस्ती शिंदीच्या झावळ्या हलवत, होसान्ना गात आली, आणि आली ती त्याच बंदीच्या रस्त्यावरून. मिरवणूक पंचांनी स्वतःच काढून दिलेली, आता अडवणार कोणत्या तोंडाने? हलगीवाल्याचे हात आपोआप फिरले आणि धिंडीचा ठेका जाऊन वरातीचा वाजू लागला. असं म्हणतात, शिंगराचा खूर जिथे पडला तिथली माती भर चैत्रात ओली झाली. खरंखोटं परमेश्वर जाणे, पण त्यानंतर वस्तीला तो रस्ता बंद करायची कुणाची छाती झाली नाही.

अजूनही त्या रविवारी कवठधारचे ख्रिस्ती लोक नवे कपडे घालतात, तोंडाला काजळी फासतात आणि मोकळ्या पाठीच्या शिंगरामागून त्याच रस्त्याने चर्चला जातात. मध्यंतरी शहरातून नवे पाळक आले. त्यांना हे सगळं ओंगळ वाटलं. म्हणाले, "आधी तोंडं धुऊन या."

पुढे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "धुऊ की, पाळकसाहेब. पर आधी सगळ्या गावाला बघू द्या."