बोटभर शेंदूर

एकदा काय झालं, एका राजानं मोठ्ठं देऊळ बांधलं, आणि आत देव कोणता ठेवायचा हेच त्याला सुचेना. हसू नका रे. नवं गाव, नवी माणसं, ज्याचा त्याचा देव मागे कुठे कुठे राहिलेला. कळस चढला, घंटा टांगली, गाभारा मात्र रिकामा.

मग एक गोसावी आला. त्यानं राजाला एक डबी दिली. डबीत शेंदूर होता, तीन बोटं माखतील एवढाच. गोसावी म्हणाला, "राजा, ज्याला लावशील तो देव होईल. पण देव मागेल ते द्यावं लागेल. तेव्हा लावण्याआधी विचार, नैवेद्य काय घेणार?"

राजाला कुठला धीर! त्यानं आपली तलवार गाभाऱ्यात उभी केली आणि लावलं बोट. काय सांगू बाळांनो, तलवार हुंकारली! पात्यात लालभडक डोळा उघडला. शत्रू तर नुसत्या नजरेनं पळाले. सगळं गाव तिच्यापुढे वाकलं. मग तलवार म्हणाली, "बकरा द्या." दिला. मग म्हणाली, "बैल द्या." तोही दिला. औताचा बैल, पण करतात काय?

राजाला वाटलं, हिच्यावर दुसरा देव हवा. त्यानं खजिन्याच्या पेटीला दुसरं बोट लावलं. पेटी अशी झळाळली की देवळाच्या भिंती सोन्याच्या दिसू लागल्या. आणि तीही लागली मागायला. बायकांच्या बांगड्या गेल्या, पेरणीचं बियाणं गेलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! माणसं उपाशी, तरी रोज दोघांपुढे वाकायची. भीती वाटायची ना.

मग एके दिवशी तलवार म्हणाली, "उद्या सकाळी ठकू द्या."

ठकू कोण? राजाची एकुलती लेक. तुमच्याएवढीच, अशीच वेणी घालताना रडणारी. राजा मटकन खाली बसला. राणी होती शेवंताबाई. ती रडत बसली नाही. तिनं डबी उचलली आणि उपाशीपोटीच देव शोधायला निघाली. ती मात्र आधी विचारायची, बरं का.

तिनं नदीला विचारलं, "बाई, नैवेद्य काय घेशील?" नदी म्हणाली, "काठची घरं." राणी पुढे गेली. वाघाला विचारलं. वाघ म्हणाला, "रोज एक गाय." राणी आणखी पुढे गेली. मग पाय थकले, आणि ती एका डोंगराच्या पायथ्याशी टेकली. डोंगर केवढा? मान मोडेल, पण माथा दिसायचा नाही. वर नुसतं धुकं.

राणीनं हात जोडले. "बाबा, तुला काय लागतं?"

पाखरं गप्प झाली. झऱ्यांचा आवाज थांबला. पान हलेना. मग जमिनीखालून आवाज आला, तळपायांना कळेल असा. डोंगर म्हणाला, "पोरी, तू जेवलीस का?"

राणीला रडूच कोसळलं. इतके देव झाले, कुणी म्हणून हे विचारलं नव्हतं. तिच्या ओटीत करवंदं पडली, पायाशी पाणी आलं. ती पोटभर जेवली. मग तिनं डबी उघडली. डोंगर म्हणाला, "राहू दे. शेंदूर निजलेल्याला लागतो. मी जागाच आहे." तिच्या अंगावर सरसरून काटा आला. माझ्याही आलाय, बघा हात लावून.

"मग माझी ठकू?"

डोंगर म्हणाला, "तलवारीचा सगळा जोर तुमच्या वाकण्यात आहे. वाकू नका."

सकाळी राणी धापा टाकत देवळात आली. तलवार हवेत चढलेली, खाली ठकू, आणि सगळं गाव भुईला नाक लावून पडलेलं. राणीनं ठकूला पोटाशी धरलं आणि ताठ उभी राहिली. "उठा!" म्हणाली. एक म्हातारी उठली. एक गुराखी उठला. मग एकेक करून सगळे उठले. तलवार गरगरत खाली आली, पार राणीच्या केसांपर्यंत आली. राजा तेवढा अजून वाकलेला होता. त्यानं लेकीकडे पाहिलं, आणि तोही उठला.

खणकन! तलवार फरशीवर पडली. नुसतं लोखंड. पेटीचं झाकण उघडलं, आणि ज्याचं त्याला परत मिळालं.

मग राजानं गाभाऱ्याची मागची भिंतच पाडली. समोर डोंगर. राजा वाकला, आणि सवयीनं वाट बघत राहिला, आता हा काय मागतो. काहीच मागणं आलं नाही. नुसता वारा आला, ओल्या पानांचा वास घेऊन. राजाच्या खांद्यावर ठकू केव्हाच झोपली होती.

पुढे ते सगळे पोटभर जेवले आणि सुखानं नांदले. चला, पांघरूण घ्या. डोळे मिटा. झोपा आता.