काळं पाखरू परतलं नाही

महासागरातल्या एका लहानशा बेटावरचं गोडं पाणी खारट झालं, तेव्हाची ही गोष्ट. माणसं उलांडीच्या, म्हणजे तोलासाठी बाजूला ओंडका बांधलेल्या होडीतून नवी जमीन शोधायला निघाली. सोबत एक काळं समुद्रपाखरू होतं. त्याचे पंख भिजत, म्हणून त्याला लाटांवर बसता येत नसे. सोडलेलं पाखरू परतलं नाही, की ते गेलं तिकडे जमीन आहे असं समजायचं.

पण पाखरू रोज परत येई. शहाळी संपत आली, तसा नावाडी तेमाना चिडला.

"आलं अपशकुनी! डोळे आहेत की कवड्या?"

"तेमानादादा, जमीनच दिसली नाही, तर मी काय करू?"

"आता उडून पुन्हा परत आलास, तर भाजून खाईन!"

होडी हळूच म्हणाली, "ये रे तू परत. त्याचा राग उतरेल." पण पाखरू थरथरतच उडालं.

संध्याकाळ झाली तरी ते आलं नाही.

"जमीन!" तेमाना ओरडला. बायकांनी उरलेली सगळी शहाळी फोडून लेकरांना पाजली. शीड पाखराच्या दिशेला वळलं.

वाटेत उलांडीला काहीतरी काळं, मऊ, ओलंचिंब लागलं. होडीनं ते ओळखलं आणि ती करकरली. पण माणसं गात होती.